तोफ झाकून बघा: एका फायरफ्लायची ओळख पटवताना

फोटोत रणगाडा दिसला की नजर आधी तोफेवर जाते. फायरफ्लाय असेल तर जातेच जाते. अमेरिकन शर्मन रणगाड्यात ब्रिटिशांनी आपली १७ पौंडी तोफ बसवली आणि तिची नळी टरेटच्या, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजाच्या, बाहेर इतकी लांब आली की गाड्याचा बाकीचा भाग तिच्यामागे विसरला जातो. मला मॉडेलमध्ये उतरवायचा होता तो फोटो १९४४ च्या उन्हाळ्यातला, नॉर्मंडीतला. झाडोऱ्याच्या कुंपणाला लागून उभा असलेला गाडा, समोरून आणि जरासा त्याच्या डाव्या अंगाने टिपलेला. अंगावर जाळी, जाळीत खोचलेल्या फांद्या. फोटोखाली फक्त दोन शब्द: शर्मन फायरफ्लाय.

दोन शब्दांवर मॉडेलचं किट घेता येत नाही. १:३५ मापात फायरफ्लाय निदान तीन प्रकारांत मिळतो: व्हीसी, आयसी आणि आयसी हायब्रिड. तिघांचे हल, म्हणजे टरेटखालची धडं, वेगळे, त्यामुळे किटचे साचेही वेगळे. टरेट बदलता येतो, चाकं बदलता येतात, पण व्हीसीच्या पेटीतल्या हलमधून आयसी काढायचा म्हणजे अख्खा तळ कापून आखूड करायचा. म्हणून पेटी घेण्याआधीच फोटोतला गाडा कोणता हे ठरवणं भाग होतं. हा अनुभव सविस्तर लिहितेय, कारण या एका गाड्याने मला जे शिकवलं ते पुढे प्रत्येक मॉडेलला उपयोगी पडलं.

पहिलं काम केलं ते म्हणजे फोटोतला टरेट आणि तोफ कागदाच्या पट्टीने झाकून टाकली. टरेटवरच्या सगळ्या ठळक खुणा फायरफ्लायच्या आहेत, पण त्या तिन्ही प्रकारांत सारख्याच आहेत. टरेटच्या पाठीला जोडलेली चिलखती पेटी घ्या. १७ पौंडी तोफ इतकी मोठी की मूळ टरेटच्या मागच्या भागातला रेडिओ ठेवायला जागाच उरली नाही, तेव्हा मागची भिंत कापून तो बाहेरच्या पेटीत हलवला. तोफ तिच्या अक्षाभोवती काटकोनात फिरवून आडवी बसवली, म्हणजे डाव्या बाजूने गोळा भरता येईल. भरणाऱ्याला त्या धुडाला वळसा घालून कमांडरच्या झाकणातून बाहेर पडणं अशक्य झालं, म्हणून त्याच्या डोक्यावर स्वतंत्र झाकण आलं. पुढच्या मशीनगनवाल्याची जागा गोळ्यांना दिली आणि त्याच्या मशीनगनचं भोक चिलखती तुकड्याने बुजवलं. हे सगळं ब्रिटिश कार्यशाळांत घडलं. अमेरिकेतून गाडा कोणता आला होता, याबद्दल त्यातून काही कळत नाही. आणि माझा प्रश्न तर नेमका तोच होता.

पट्टी खाली सरकवली तसा राहिला निव्वळ शर्मन. आता शर्मनचे प्रकार मुळात पडले कशामुळे, हे नीट माहीत हवं. १९४१-४२ मध्ये अमेरिकेला हजारोंनी रणगाडे हवे होते, पण ते सगळे ओढू शकेल असं एकच इंजिन तेवढ्या संख्येने मिळत नव्हतं. कॉन्टिनेंटलचं आर९७५ हे मूळचं विमानाचं इंजिन. त्याचे नऊ सिलिंडर चक्राकार मांडलेले. शर्मनचं अमेरिकन नाव एम४; ते इंजिन एम४ आणि एम४ए१ मध्ये बसलं. या दोघांत फरक अंगाचा: एम४ चा हल पोलादी पत्रे वेल्ड करून बांधलेला, एम४ए१ चा ओतीव, गोलसर. एम४ए२ मध्ये जनरल मोटर्सची दोन डिझेल इंजिनं शेजारीशेजारी. एम४ए३ मध्ये फोर्डचं व्ही-८. एम४ए४ मध्ये तर क्रायस्लरने मोटारीची सहा सिलिंडरची पाच इंजिनं एका सांगाड्यावर एकत्र बांधली. तीस सिलिंडर! ते प्रकरण मूळ जागेत मावेना, तेव्हा हलच सुमारे २८ सेंटिमीटरने लांब केला.

नवशिक्यांची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. ए१, ए२, ए३, ए४ हा क्रम बघून वाटतं की पुढचा आकडा म्हणजे सुधारलेली आवृत्ती. तसं नाही. हे प्रकार वेगवेगळ्या कारखान्यांतून एकाच काळात बाहेर पडत होते. अमेरिकन सैन्याला सगळ्यांत पसंत पडला तो ए३. ए४ चे बहुतेक गाडे ब्रिटिशांकडे गेले. ब्रिटिशांनी त्यांना आपल्या पद्धतीने आकडे दिले. एम४ म्हणजे शर्मन एक, एम४ए१ म्हणजे दोन, असं करत एम४ए४ म्हणजे शर्मन पाच. आकडा रोमन लिपीत, म्हणून पाचाचा व्ही आणि एकाचा आय. त्यापुढचं अक्षर तोफेचं: ए म्हणजे अमेरिकन ७६ मिलिमीटर, बी म्हणजे १०५ मिलिमीटर हॉवित्झर, सी म्हणजे १७ पौंडी. हे कळलं की व्हीसी या दोन अक्षरांत सगळा गाडा उलगडतो: लांब हल, तीस सिलिंडर, १७ पौंडी तोफ.

तर मग पहिला प्रश्न सोपा झाला. हल लांब की आखूड?

२८ सेंटिमीटर म्हणजे १:३५ मध्ये आठ मिलिमीटर. मॉडेल हातात असलं की हे लगेच जाणवतं, तिरप्या कोनातून घेतलेल्या फोटोत मात्र लांबी कळत नाही, कारण गाडा मागे जाईल तसा आक्रसत जातो. पण शर्मनची चाकं बोगीवर असतात. एका बोगीला दोन चाकं, एका बाजूला तीन बोग्या. बोगी सगळ्या प्रकारांत तीच, तिच्या दोन चाकांतलं अंतर तेच. हल लांब झाला तेव्हा वाढल्या त्या दोन बोग्यांमधल्या फटी. त्यामुळे पट्टी घेऊन एकूण लांबी मोजायची नाही, तुलना करायची. एकाच बोगीच्या दोन चाकांमधली फट आणि शेजारच्या बोगीच्या चाकापर्यंतची फट. दोन्ही एकाच रेषेवर आणि जवळजवळ असल्यामुळे त्यांचं आक्रसणंही साधारण सारखंच असतं, आणि प्रमाण बऱ्यापैकी टिकून राहतं. आखूड हलमध्ये दुसरी फट पहिलीपेक्षा थोडीशीच मोठी दिसते. ए४ मध्ये ती चटकन डोळ्यांत भरते, चाकांच्या तीन वेगळ्या जोड्या सुट्या सुट्या दिसतात.

माझ्या फोटोत तिसरी बोगी झाडीत बुडालेली होती. पहिली आणि दुसरी दिसत होती. फोटो मोठा करून त्यावर पारदर्शक कागद ठेवला, चाकांच्या कडा पेन्सिलने गिरवल्या आणि फटी मोजल्या. दुसरी फट पहिलीपेक्षा थोडीशीच मोठी निघाली. मग त्याच कोनातून घेतलेला, नक्की व्हीसी असलेला एक फोटो शोधून त्यावरही तेच केलं. फरक स्पष्ट होता. म्हणजे माझा गाडा आखूड हलचा. फायरफ्लाय मुख्यतः एम४ आणि एम४ए४ यांच्यावरच बांधले गेले, तेव्हा लांब हल बाद झाल्यावर उरला एम४, म्हणजे आयसी.

एका खुणेवर मी निकाल देत नाही. ताळा जुळायला हवा. एम४ए४ बद्दल सोयीची गोष्ट अशी की ते सगळे एकाच ठिकाणी, क्रायस्लरच्या डेट्रॉईट कारखान्यात बनले, आणि १९४३ च्या शरदात त्यांचं उत्पादन थांबलं. ७,४९९ गाडे, पण त्यांच्यात मोठे बदल झालेच नाहीत. पुढच्या टोकाला गिअरपेटी झाकणारं नाक कायम तीन तुकड्यांचं, बोल्टच्या उभ्या पट्ट्यांनी जोडलेलं. चालकाची झाकणं कायम जुनी, लहान. माझ्या फोटोत नाकावर सुटे ट्रॅक लटकवलेले होते, तरी त्यांच्या मधून दिसणाऱ्या जागेत बोल्टच्या पट्ट्या नव्हत्या. नाक एकसंध ओतीव होतं. एवढ्यावर व्हीसी नाही असं म्हणता येतं, कारण व्हीसीला तसं नाक मिळालंच नाही. दोन स्वतंत्र खुणा एकाच बाजूला बोट दाखवत होत्या.

इथे एक खबरदारी सांगून ठेवते. जुने फोटो कधी कधी उलटे छापलेले असतात, डावं उजवीकडे गेलेलं. शर्मनमध्ये चालक डावीकडे बसतो आणि मशीनगन उजवीकडे. फायरफ्लायमध्ये त्या मशीनगनचं बुजवलेलं भोक गाड्याच्या उजव्या अंगाला असायला हवं. ते मी आधीच तपासून घेतलं होतं.

आता आयसीतला कोणता? साधा एम४ सगळीकडून वेल्ड केलेल्या सपाट पत्र्यांचा. पण १९४३ च्या शेवटी डेट्रॉईटमध्ये एम४ए४ ची जागा ज्या एम४ ने घेतली, त्याचा पुढचा भाग ओतीव होता, एम४ए१ सारखा गोलसर, आणि मागचा सगळा वेल्ड केलेला. मॉडेलवाले त्यालाच हायब्रिड म्हणतात. त्याच्यावर बांधलेले फायरफ्लायही लढाईत उतरले. साध्या एम४ मध्ये पुढचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे भेटतात तिथे ताठ, धारदार कोपरा असतो. जुन्या, लहान झाकणांच्या वेल्ड केलेल्या गाड्यात चालकासमोर पत्र्याबाहेर आलेले दोन उंचवटेही असतात. हायब्रिडमध्ये खांदा गोल, झाकणं मोठी, उंचवटे नाहीत.

माझ्या फोटोतला खांदा जाळीखाली होता. कडा दिसतच नव्हती.

इथे मी बराच वेळ अडले, आणि मार्ग निघाला तो उजेडामुळे. कृष्णधवल फोटोत सपाट पत्र्यावर एकच छटा असते आणि कोपरा ओलांडला की ती एकदम बदलते, जणू कात्रीने कापल्यासारखी. गोल पृष्ठभागावर छटा हळूहळू वितळते. जाळीला मधूनमधून मोठी भोकं होती. त्या भोकांतून दिसणारे तुकडे खांद्याच्या रेषेवर ओळीने बघितले, तेव्हा करड्या रंगाच्या पायऱ्या समोरून बाजूकडे हळूहळू गडद होत गेलेल्या दिसल्या. एकदम उडी कुठेच नव्हती. शिवाय चालकाच्या जागेच्या मागे, बाजूच्या भिंतीवर एक बारीक उभी रेघ होती. सुरुवातीला मला ती जाळीचा दोर वाटली होती. ती ओतीव पुढचा भाग आणि वेल्ड केलेली बाजू यांच्यातला सांधा निघाली. तो सांधा साध्या एम४ मध्ये असायचं काही कारणच नाही. फोटोतला गाडा आयसी हायब्रिड होता.

हे करताना एक शिडी माझ्या मनात पक्की झाली आणि आता कोणत्याही गाड्याला मी तीच लावते. खूण किती ठळक आहे हे बघायचं नाही. ती मैदानात बदलायला किती अवघड आहे हे बघायचं. हल बदलता येत नाही, तो सगळ्यात वरच्या पायरीवर. त्याखाली नाक, इंजिनावरचं छप्पर, मागची भिंत. मग टरेट, तो उचलून दुसऱ्या गाड्यावर ठेवता येतो आणि डागडुजीच्या कारखान्यांत ठेवलाही जाई. मग झाकणं आणि वेल्ड करून चिकटवलेले जादा पत्रे. सगळ्यात खाली चाकं, ट्रॅक, अवजारं, सामानाच्या पेट्या, फांद्या. मॉडेल बनवणाऱ्यांचे वाद बहुतेक वेळा खालच्या पायऱ्यांवर रंगतात, कारण तिथल्या गोष्टी फोटोत मोठ्या दिसतात. एखाद्या फोटोत शर्मनला पाच आऱ्यांची चाकं दिसली म्हणून तो अमुक कारखान्याचा, असं म्हणणं धोक्याचं आहे. चाक बोल्टने बसतं, फुटलं की जवळचं मिळेल ते लागतं. एकाच गाड्यावर आऱ्यांची, भरीव आऱ्यांची आणि सपाट दाबीव अशी सगळी चाकं एकत्र दिसतात.

शिडीच्या जोडीला दुसरी सवय म्हणजे प्रत्येक खुणेमागचं कारण शोधणं. नुसती खूण विसरली जाते, कारण लक्षात राहतं. शर्मनच्या बाजूंना जाडजूड चौकोनी पत्रे चिकटवलेले दिसतात, उजवीकडे दोन आणि डावीकडे एक. हे पाठ करायला कंटाळवाणं आहे. पण आत नेमक्या त्याच जागी तोफगोळ्यांचे कप्पे होते, तिथे गोळा घुसला तर गाडा पेटे, म्हणून बाहेरून जाडी वाढवली, एवढं कळलं की पत्र्यांची जागा आपोआप आठवते. पुढे दारूगोळा तळाशी, द्रवाने वेढलेल्या कप्प्यांत हलवला, तेव्हापासून ते पत्रे गेले. म्हणजे पत्रा असणं किंवा नसणं हे आतल्या मांडणीचं पत्रक आहे.

ही नजर इतर गाड्यांवरही मी आजमावली आहे. रशियाच्या टी-३४ बद्दल ‘१९४१ चा नमुना’, ‘१९४२ चा नमुना’ अशी नावं किटच्या पेट्यांवर असतात. ती मागाहून सोयीसाठी पडलेली आहेत. टी-३४ मध्ये वर्षापेक्षा कारखाना जास्त बोलतो. निझ्नी तागिल, स्टालिनग्राड, सोर्मोवो, चेल्याबिन्स्क, स्वेर्दलोव्स्कचा उरालमाश, ओम्स्क. प्रत्येकाची घडण वेगळी. स्टालिनग्राडकडे रबराचा तुटवडा पडला, तेव्हा चाकांच्या कडा पोलादी झाल्या आणि थोडंसं रबर चाकाच्या आत, मध्याजवळ गेलं. अशा चाकांनी गाडा फार थरथरायचा. म्हणून इतर ठिकाणी, रबर थोडं मिळू लागल्यावर, पहिलं आणि पाचवं चाक रबरी कडेचं आणि मधली तीन पोलादी अशी सरमिसळ दिसते. ती सरमिसळ कारखान्यातूनच आलेली आहे. उरालमाशने अवाढव्य प्रेसखाली एकाच पत्र्यातून दाबून टरेट काढला. गोल कडांचा, पुढे कुठे सांधा नसलेला. तो डोळ्यांना एकदा सापडला की पुन्हा चुकत नाही. पण तोच टरेट चेल्याबिन्स्कच्या हलवरही चढला, त्यामुळे टरेट बघून हलचा निर्णय करू नये. इथेही माझी शिडी खरी ठरते.

जर्मन पँथरमध्ये अक्षरांचा क्रमच चकवा देतो: आधी डी, मग ए, मग जी. ए ला डी पासून वेगळं करणारी गोष्ट म्हणजे टरेट. कमांडरच्या डोक्यावरचा मनोरा डी मध्ये पिंपाच्या आकाराचा आणि बघायच्या फटींचा, तर ए मध्ये ओतीव आणि सात पेरिस्कोपांचा. हल मात्र सुरुवातीच्या ए मध्ये बराचसा डी सारखाच आहे, पुढच्या मशीनगनची उभट झडपसुद्धा तीच. ती गोल बुबुळासारखी मशीनगन १९४३ च्या अखेरीस आली. जी मध्ये उलट: टरेट ए च्या जवळचा, पण हलची बाजू नवी. तिची खालची कड एका सरळ रेषेत मागे जाते आणि चालकासमोरची बघायची झडप गायब होते. तेव्हा पँथरचा फोटो हाती आला की डी-ए साठी वर बघायचं आणि ए-जी साठी खाली. फोटोत टरेट फांद्यांनी झाकला असेल तर तो ‘जी’ आहे का एवढंच सांगता येतं. डी की सुरुवातीचा ए, हे सांगता येत नाही. तसं ‘सांगता येत नाही’ असं लिहून ठेवायची मी सवय लावून घेतली आहे.

जर्मनांच्याच पँझर चारचा शेवटचा प्रकार ‘जे’ ओळखायला मी मागून बघते. टरेट फिरवणाऱ्या विजेसाठीचं लहान जोडइंजिन त्यात काढून टाकलं आणि त्या जागेचा उपयोग जादा इंधनासाठी केला. इंजिन गेलं तसा मागच्या भिंतीवरचा त्याचा छोटा धुराडाही गेला. बाजूने बघितलं तर उशिराचा ‘एच’ (आधीचा प्रकार) आणि सुरुवातीचा ‘जे’ यांच्यात जवळपास काहीच फरक नाही.

युद्धानंतरच्या सोव्हिएत टी-५४ आणि टी-५५ मध्ये माझी आवडती खूण टरेटच्या छतावर आहे. टी-५४ ला गोळा भरणाऱ्याच्या झाकणापुढे हवा खेळवणाऱ्या पंख्याची घुमटी असते, टी-५५ ला ती नाही. अनेक सैन्यांनी टी-५४ नव्याने सजवले. त्यांना नवी इंजिनं, नवे ट्रॅक, नवी यंत्रणा मिळाली. पण घुमटी राहिली, कारण ती काढायचं कुणाला काही कारण नव्हतं. वरकरणी टी-५५ दिसणाऱ्या गाड्याच्या छतावर ती घुमटी दिसली की त्याचं मूळ कळतं.

संग्रहालयातले खरे रणगाडे बघून शंका फिटते असं मलाही पूर्वी वाटायचं. बॉविंग्टनच्या आणि सोम्यूरच्या संग्रहातल्या गाड्यांचे फोटो मी तासन्‌तास बघितले आहेत आणि बोल्ट, वेल्ड, पत्र्याची जाडी यांसाठी त्यांच्यासारखा आधार नाही. पण संग्रहातला गाडा युद्धानंतरही जगलेला असतो. डागडुजी, सरावाचं मैदान, नवा रंग, दुसऱ्या गाड्याचे भाग. शिडीच्या वरच्या पायऱ्यांसाठी तो साक्षीदार भरवशाचा, खालच्यांसाठी नाही. खालच्या पायऱ्यांना त्या काळातला फोटोच हवा.

हायब्रिडचं किट आलं तेव्हा आधी जोडणीच्या सूचनांची पत्रिका वाचली, कातर हातात घेतली नाही. एका साच्यातून अनेक प्रकार विकायचे असल्यामुळे स्प्रूवर, म्हणजे भाग जोडून येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर, न लागणारे भाग भरपूर असतात. तीन तुकड्यांचं नाक, लहान झाकणं, दोन-तीन तऱ्हेची चाकं. शिवाय कित्येक ठिकाणी ‘हा प्रकार असेल तर हे भोक आतून पाडा’ अशी सूचना पहिल्या-दुसऱ्या पायरीलाच येते. हल चिकटवल्यावर ते भोक पाडता येत नाही. म्हणून फोटोवरून काढलेले सगळे निर्णय मी आधी पत्रिकेवर पेन्सिलने लिहिते: हे झाकण घ्यायचं, हे भोक पाडायचं, हा पत्रा सोडायचा. न लागणारे भाग तेव्हाच कापून वेगळ्या डबीत टाकते, म्हणजे घाईत हाताला लागत नाहीत.

हायब्रिड बांधण्यातला खरा आनंद पृष्ठभागाचा आहे. पुढचा भाग ओतीव, त्याची कातडी खडबडीत. बाजू मागे गेल्या की गुळगुळीत, लाटलेला पत्रा. प्लॅस्टिकमध्ये दोन्ही सारखेच गुळगुळीत येतात. ओतीव भागावर पातळ केलेली पुट्टी ताठ केसांच्या जुन्या ब्रशने टोचत टोचत लावली, वाळल्यावर बारीक सँडपेपर हलका फिरवला. खडबड इतकीच ठेवायची की रंग चढल्यावर बोटाला नाही पण तिरप्या उजेडाला जाणवावी. मग तो उभा सांधा. तापवून ताणलेल्या स्प्रूची बारीक तार त्या रेषेवर पातळ सिमेंटने (प्लॅस्टिकच्या गोंदाने) चिकटवली, मऊ झाल्यावर कटरच्या टोकाने तिच्यावर जवळजवळ चिरा दाबल्या. फोटोत ज्या रेघेने प्रश्न सोडवला ती रेघ मॉडेलवरही नीट वाचता यावी असं मला वाटत होतं.

बोग्यांमधल्या फटींची चिंता किटने मिटवली होती. ट्रॅकच्या कड्या एका बाजूला ७९ लागल्या. व्हीसीला त्या ८३ लागतात, तेव्हा मोजणी हाही एक ताळाच. फोटोतल्या पुढच्या चाकांत एक आऱ्यांचं आणि एक सपाट दाबीव दिसत होतं. ते तसंच ठेवलं. ट्रॅक रबरी, कोन काढलेल्या कंगोऱ्यांचे. जाळी आणि फांद्या सगळ्यात शेवटी, खांद्याचा गोलवा पुरता झाकला जाणार नाही अशा बेताने.

रंगात सगळ्यात लक्ष दिलं ते नळीला. जर्मन गोलंदाज लांब नळीच्या शर्मनला आधी टिपतात हे ब्रिटिशांना कळलं होतं, म्हणून नळीचा पुढचा भाग खालच्या अंगाने फिकट रंगवायचे, कडा नागमोडी ठेवायचे. लांबून बघताना पुढचा तुकडा आभाळात मिसळून जातो आणि गाडा साध्या ७५ मिलिमीटर तोफेच्या शर्मनसारखा दिसतो. फोटोत ती फिकट कड अंधुक होती, पण होती. नोंदणी क्रमांकातला सुरुवातीचा टी आणि त्यापुढचे काहीच आकडे वाचता आले. तेवढेच आकडे सुट्या डेकलमधून (चिकटवायच्या छापील खुणांतून) लावले आणि बाकीच्यांवर, फोटोत आहे तशीच, फांदी आणली.

मागची बाजू फोटोत नव्हतीच. इंजिनावरचं छप्पर आणि मागची भिंत एम४ च्या कॉन्टिनेंटल इंजिनाची घेतली, कारण हायब्रिड त्याच इंजिनाचा आणि एकाच कारखान्यात थोड्या काळात बनलेला. तिथे वेगळं काही असायला जागा कमी आहे. ए४ च्या छपरावर आणि पोटाखाली मोठ्या रेडिएटर-पंख्यासाठी फुगवटा असतो, तो इथे येता कामा नये एवढं दोनदा बघितलं. उजव्या बाजूची चाकं सगळी एकाच तऱ्हेची लावली. डावीकडची सरमिसळ फोटोत दिसते म्हणून आहे. उजवीकडे ती करायला माझ्याजवळ पुरावा नाही.